इमानाचा माळ

खिडकीतून आत सरकवलेल्या अर्जाच्या शेवटच्या ओळीत 'मौजे सावळेकोंड, तालुका लांजा' असं लिहिलेलं होतं. ते वाचता वाचता दीपालीच्या हातातला शिक्का अर्जावर न पडता टेबलाच्या काचेवर पडला. काचेवर जांभळी तारीख उमटली. ती तिने अंगठ्याने पुसली आणि अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला. मनस्विनी मुंडले, वय बासष्ट, राहणार जबलपूर. सप्टेंबर १९४४ मध्ये फौजेचं एक शिकाऊ विमान सावळेकोंडच्या डोंगरावर पडलं. शिकवणारा एक गोरा अधिकारी आणि शिकणारा एक हिंदी मुलगा असे दोघेच त्यात होते. तो मुलगा, पद्माकर मुंडले, वय एकवीस, हे अर्जदाराचे सख्खे काका. ती जागा कुठल्या सर्व्हे नंबरात येते ते कळावं, एवढंच मागणं होतं. अर्जाला एका जुन्या इंग्रजी पत्राची झेरॉक्स जोडलेली होती. पत्र चार ओळींचं होतं. विमान कोसळताक्षणीच आपल्या मुलाला मृत्यू आला, त्याला कोणतीही वेदना झाली नाही, असं त्यात त्याच्या वडिलांना कळवलेलं होतं. दीपालीने ते वाक्य तीनदा वाचलं.

"मिळेल का हो?" खिडकीबाहेरच्या बाईंनी विचारलं. केस आखूड कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. "माझे वडील मागच्या वर्षी गेले. हे पत्र त्यांच्या पाकिटात असायचं. आठवीत असल्यापासून. म्हटलं, एकदा जाऊन यावं."

"जुने नकाशे काढावे लागतील," दीपाली म्हणाली. "उद्या या."

बाई 'बरं' म्हणाल्या आणि निघाल्या. जिन्याकडे जाताना त्यांनी एकदा वळून पाहिलं, काही विचारायचं राहिलं असावं तसं, पण परत आल्या नाहीत. दीपाली भूमी अभिलेखच्या त्या खिडकीमागे चोवीस वर्षं बसत होती आणि 'उद्या या' हे शब्द तिने किती वेळा उच्चारले असतील याची गणती नव्हती. त्यात खोटं काही नसायचं. नकाशे खरोखरच जुने असायचे, फाटलेले असायचे, साहेब दौऱ्यावर असायचे. पण आज ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला आपल्याच जिभेची चव बदलल्यासारखी वाटली, तांब्याचं भांडं चाटल्यासारखी. कारण तिला नकाशा काढायची गरजच नव्हती. सावळेकोंड तिचं माहेर. ती जागा कुठे आहे हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. गावाच्या मागे, सह्याद्रीचा उतार जिथे जरा दम खातो तिथला तो सपाट तुकडा, तिकडची माणसं ज्याला इमानाचा माळ म्हणतात. विमानाला तिकडे इमानच म्हणायचे. शाळेत गुरुजींनी इमान म्हणजे प्रामाणिकपणा असं शिकवलं तेव्हा चौथीतल्या दीपालीला वाटलं होतं, की आपल्या डोंगरावर फार पूर्वी कुणी फार प्रामाणिक माणूस राहत असणार.

तो प्रामाणिक माणूस म्हणजे आपले आजोबाच, असंही तिला पुढे काही वर्षं वाटत होतं. घराच्या पडवीत, दाराच्या बरोबर वर, काचेत लावलेलं एक सर्टिफिकेट होतं. वर राजाचा मुकुट, खाली साहेबाची सही. सावळेकोंडच्या रामा याने विमान पडल्याची वर्दी तातडीने पोहोचवून सरकारची सेवा केली, म्हणून. दीपालीला इंग्रजी वाचता यायला लागल्यापासून दादू, म्हणजे तिचे वडील, घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याकडून ते वाचून दाखवायला लावत. तलाठी आला, मुंबईहून पाहुणे आले, मुलगी बघायला माणसं आली, की दादू म्हणायचे, "दीपे, वाच गो." ती वाचायची, मग अर्थ सांगायची. तातडीने, या शब्दावर दादू मान डोलवायचे. "लांज्यापर्यंत चालत गेला माझा बापूस. ढगात डोंगर दिसत नव्हता, पऱ्ये भरून वाहत होते, तरी गेला." आजोबा गेले तेव्हा दीपाली दोन वर्षांची होती. तिला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. तिच्यापुरते ते म्हणजे ती चौकट, तिच्यावरची धूळ आणि ती पुसताना कपड्याला लागणारा कोळिष्टकांचा चिकटपणा.

सोळाव्या वर्षी आतेने ते सगळं मोडलं. आते म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, सोनूबाई. चौदाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच राहिलेली. खरं तर ती दादूंची आते, पण सगळं घर तिला आतेच म्हणायचं. पासष्टीला आली तरी गवत कापायला डोंगरावर जायची. त्या दिवशी दीपाली तिच्यासोबत होती. दोघी माळावर पोहोचल्या, आतेने विळा खाली ठेवला आणि गवतात बुडालेल्या विमानाच्या लोखंडी धुडावर, अंगणातल्या पायरीवर बसावं तशी, बसली. पत्रे गावाने केव्हाच कापून नेले होते. कुणाच्या गोठ्यात त्यांची पन्हळ होती, कुणाकडे भात वाढायचा डाव होता. इंजिन तेवढं जड म्हणून राहिलेलं. "तुला सोळावं लागलं ना," आते म्हणाली. "मीपण सोळाचीच होते." मग तिने सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. भात किती झालं हे सांगावं तसं. सांगून झाल्यावर विळा उचलला आणि संध्याकाळपर्यंत गवत कापलं. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण त्यावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. आणि दीपालीनेही ते कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर पाहुण्यांसमोर सर्टिफिकेट वाचताना 'तातडीने' या शब्दाशी ती किंचित अडखळायची, एवढंच. दादूंना वाटायचं, पोरगी लाजते.

ऑफिस सुटल्यावर ती मारुती मंदिरापर्यंत चालत आली. भाजी घेतली, घरी येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. नवऱ्याने, अनिलने, काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिने अर्जाचं सांगितलं आणि मग, लग्नाच्या बाविसाव्या वर्षी, आतेचंही सांगितलं. अनिल शाळेत गणित शिकवायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"नंबर दे आणि मोकळी हो," तो म्हणाला. "बाई लांबून आल्यात, जागा बघतील, फूल वाहतील, जातील. दादूंचं वय बघ. ऐंशी वर्षांनी कोणाचं काय भलं होणार आहे?"

"त्या पत्रात लिहिलंय, वेदना झाली नाही म्हणून."

"मग चांगलंच आहे ना ते."

चांगलंच होतं ते. एका माणसाने ते वाक्य ऐंशी वर्षं पाकिटात बाळगलं, प्रत्येक नव्या पाकिटात जुन्यातून काढून ठेवलं. ते काढून घेणारी मी कोण? पण भांडी घासताना तिच्या मनात दुसरंच आलं. त्याने ते बाळगलं, ते त्याचा त्यावर विश्वास होता म्हणून की नव्हता म्हणून? विश्वास असलेला कागद माणूस कपाटात ठेवतो. पाकिटात राहतो तो पुन्हा पुन्हा काढून बघावा लागणारा. हे आपण आपल्या सोयीने रचतोय का, हेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी बाई अकराच्या ठोक्याला खिडकीशी होत्या. दीपालीने त्यांना नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "ते माझं माहेर आहे. रविवारी मी नेते तुम्हाला." काल का नाही सांगितलंत, असं बाईंनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी त्या लांज्यापर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने गेल्या. पौष चालू होता. काजूला नुकता मोहोर धरत होता. मनस्विनीताई वाटेत मोजकंच बोलल्या. त्या जबलपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. काकांविषयी घरात फार बोललं जात नसे. त्यांच्या आजोबांचा काकांच्या फौजेत जायला विरोध होता. बेचाळीसच्या चळवळीत अर्धी गल्ली तुरुंगात आणि आपला मुलगा इंग्रजांची विमानं चालवायला शिकतो, याची त्यांना लाज वाटायची. शेवटचं भांडण होऊन काका गेले ते गेलेच. "माझे बाबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांना काकांनी सांगितलं होतं म्हणे, उडताना खाली बघितलं की कुणाचाच राग येत नाही." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. दीपालीने मान हलवली.

दादू पडवीतच बसलेले होते. पांढरा सदरा, धुतलेली टोपी. शेजारच्या खुर्चीवर, दारावरून उतरवून पुसलेलं सर्टिफिकेट. वहिनी, सानिका, चहा घेऊन बाहेर आली. भाऊ संदेश मुंबईला असायचा, घर तीच बघायची. "दीपे," दादू म्हणाले, "वाच गो पाव्हण्यांना." दीपाली म्हणाली, "त्यांना इंग्रजी येतं दादू." मनस्विनीताईंनी चौकट मांडीवर घेतली आणि वाचली. मग वाकून दादूंच्या पायांना हात लावला. "तुमच्या वडिलांचे उपकार आहेत आमच्यावर," त्या म्हणाल्या. "त्यांनी कळवलं नसतं तर आम्हाला काका कधी सापडलेच नसते." दादूंनी हात वर केला, आशीर्वादाला की नको म्हणायला ते कळलं नाही, आणि तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. दीपालीने नजर दुसरीकडे वळवली. अंगणातल्या सारवणात कोंबडीच्या पायांचे ठसे होते. ते तिने मोजले. त्या क्षणी तिचं ठरलं. ठरवलं असं नाही, पायांना हात लागलेला बघितला आणि ठरून गेलं.

चढाला दीड तास लागला. माळावर गवत पिवळं पडून आडवं झालेलं होतं, त्यामुळे इंजिन लांबूनच दिसलं. मातीत रुतलेलं, गंजून जांभ्याच्या रंगाला आलेलं. मनस्विनीताईंनी पिशवीतून काही काढलं नाही. फूल नाही, उदबत्ती नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मग बसल्या आणि लोखंडावर तळहात टेकला. ऊन असूनही ते गार असणार. "इथेच लगेच," त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या.

"लगेच नाही," दीपाली म्हणाली.

बोलायला लागल्यावर तिला जाणवलं, की आपण आतेच्याच आवाजात सांगतोय. तसाच सपाट. भाद्रपद होता, डोंगर ढगात होता. आवाज गावाने ऐकला, पण वीज पडली असेल म्हणून कुणी वर आलं नाही. आते गवताला आली होती. गोरा माणूस जागीच गेला होता. दुसरा जिवंत होता, पाय पत्र्यांखाली अडकलेले. आतेला वाटलं होतं हाही साहेब असेल, तर तो सावळा, आपल्यासारखा, आणि मराठीत म्हणाला, बाई, पाणी देतेस का. तिने पऱ्यावरून पानाच्या द्रोणातून पाणी आणलं. अकरा खेपा केल्या. पत्रा तिला हलला नाही. त्याने नाव विचारलं. ती सोनू म्हणाली, तेव्हा तो हसला, म्हणाला, सोनं जवळ आहे, मग मी वाचणार. अंधारायला लागलं तसं तो म्हणाला, जा, माणसं घेऊन ये. ती धावत खाली आली आणि भावाला सांगितलं.

"रामांना," मनस्विनीताई म्हणाल्या.

"हो. माझ्या आजोबांना." दीपालीने ओठांवरून जीभ फिरवली. "आजोबांची इथे वरच चोरटी कोळशाची भट्टी होती. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, कोळशाला भाव होता. लाकूड सरकारी रानातलं. पोलीस आले असते तर भट्टी सापडली असती, तुरुंग होता. ते म्हणाले, उद्या. आतेला घरात कोंडलं. दुसऱ्या दिवशी ते आणि दोघंजण वर आले आणि भट्टी मोडली. पेटती भट्टी उघडली की भडकते, ती विझवायला पाणी लागतं. ते दिवसभर पऱ्यावरून हंड्यांनी पाणी आणत होते." ती थांबली. पऱ्या कुठे आहे, हे तिला हाताने दाखवावं लागलं. आणि भट्टी कुठे होती, तेही. मधे हा माळ. पुढचं मनस्विनीताईंनी स्वतःच डोळ्यांनी जोडलं. त्यांची नजर एकदा इकडून तिकडे गेली, पुन्हा परत आली. "आते दुपारनंतर सुटून वर आली. तेव्हा तुमचे काका गेलेले होते. अंगावर कांबळं घातलेलं होतं. आजोबांचं. वर्दी त्या संध्याकाळी दिली."

खालच्या वाडीत कुणीतरी लाकडं फोडत होतं, आधी घाव दिसायचा आणि आवाज मागून यायचा. त्या कांबळ्याचं कोडं दीपालीला तीस वर्षं सुटलं नव्हतं. कांबळं आजोबांनी जिवंत माणसावर घातलं की मेलेल्या? मेलेल्यावर घातलं असेल तर ती रीत झाली, कुणीही केली असती. जिवंतावर घातलं असेल तर आजोबा त्याच्याजवळ बसले, त्याच्याकडे बघितलं, आणि उठून गेले. यातलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येत नव्हतं. कधी वाटायचं, पहिलं. कधी दुसरं.

"हे मला का सांगितलंत?" मनस्विनीताईंनी विचारलं. राग नव्हता, शिकवणाऱ्या बाईंचा स्वर होता, खरंच उत्तर हवं असलेला.

"तुम्ही पाया पडलात म्हणून."

त्यांनी मान हलवली. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि उतरेपर्यंत एकच वाक्य बोलल्या: "मला हे लिहून हवंय. बाबांकडे एक कागद होता, तो खोटा होता. खरा एक असू दे."

दादूंना काय घडलं ते दोघींना वरून उतरताना बघूनच कळलं असावं. दोघी अंगणात शिरल्या तेव्हा चौकट खुर्चीवर नव्हती, परत दारावर गेलेली होती. दीपालीने आत जाऊन संदेशच्या मुलीच्या वहीतला कोरा जोडकागद फाडून आणला. पडवीच्या कठड्यावर बसून ऑफिसात लिहायची तशी सुरुवात केली: मी खाली सही करणार, सौ. दीपाली, लिहून देते की. जे जे ती लिहीत होती ते मोठ्याने म्हणत होती. दादू भिंतीकडे तोंड करून बसले होते. आतेच्या खेपा झाल्या, भट्टी झाली, हंडे झाले.

"आते तुला बोलली?" दादूंनी मध्येच विचारलं, वळून न बघता.

"हो."

"कधी?"

"मी सोळाची होते."

"म्हंजे तू येवढी वर्षं वाचून दाखवत होतीस, ता म्हाईत असून." दीपालीने पेनाचं टोक कागदावर टेकवून ठेवलं. "लिही," दादू म्हणाले. "पुढं लिही."

"दुपारनंतर सोनूबाई वर गेली असता सदर इसम मयत स्थितीत, अंगावर कांबळं..."

"जित्यावर घातला होता," दादू म्हणाले.

दीपालीचं पेन थांबलं. दादू आता वळले होते. ते तिच्याशी नाही, पाव्हण्यांशी बोलत होते. "बापूस मरायला टेकला तवा पौषच होता. थंडीनं कुडकुडायचा, पण कांबळा घेई नाय अंगावर. आमी घालायचो, तो काढून टाकायचा. मी बोललो, बा, घे की. तर बोलला, ता मी दिलाय. मंग समदा सांगितला. हंडा घेऊन जाताना तुमचा मानूस बोलला, थंडी वाजते. बापसानं कांबळा घातला. आलोच, बोलला. चार वेळा बाजूनं गेला. चारी वेळा आलोच बोलला. पाचव्या खेपेला तो काय बोलला नाय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोकं टकलं, लहान, दीपालीने कित्येक वर्षांत न पाहिलेलं. "पाणी दिला का, ता मी इचारला नाय. मला इचारवला नाय."

मनस्विनीताई उभ्याच होत्या. "जसं बोलले तसं लिहा," त्या दीपालीला म्हणाल्या. दीपालीने तसंच लिहिलं. सदर नाही, इसम नाही, मयत नाही. जिता, कांबळा, आलोच. चोवीस वर्षांत तिने असा कागद लिहिला नव्हता आणि तिचं अक्षर वाकडं येत गेलं, चौथीतल्यासारखं. खाली तिने सही केली. दादूंनी पेन मुठीत धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. 'रामा' लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

मनस्विनीताईंनी कागद वाचला. एकदा उभ्याने, मग कठड्यावर बसून पुन्हा. त्यांचा श्वास ऐकू येत होता. घडी घालून त्यांनी तो पिशवीत ठेवला. चार वाजताची एसटी लांज्याहून होती, रिक्षावाला वाकणावर थांबलेला होता. सानिका दारात येऊन उभी राहिली आणि कुणाकडे बघावं हे न कळून दीपालीकडे बघू लागली. आत पानं मांडलेली होती. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, पाव्हण्या शाकाहारी म्हणून मुद्दाम केलेलं. भाकरीचा वास पडवीपर्यंत आला होता.

"बाय," दादू म्हणाले, "जेवाण झालाय. तुमाला नको वाटत असंल तर नको. मी काय बोलनार नाय."

मनस्विनीताईंनी कठड्यावरून वाकणाकडे बघितलं. दीपालीला वाटलं, आता उठतील, पिशवी खांद्याला लावतील, रिक्षाकडे जातील आणि तेच बरोबर होईल. त्या उठल्या. पिशवी उचलली, क्षणभर हातात धरली आणि कठड्यावर ठेवली.

"हात कुठे धुऊ?" त्यांनी विचारलं.